सुमनअक्कांचं कपाट आणि चारचा एरर

लायब्ररीत पुस्तक आलं की त्यावर शिक्का बसतो, रजिस्टरात नंबर पडतो आणि मग त्याला रॅकवर जागा मिळते. किश्श्यांना यातलं काहीच लागत नाही. ते न विचारता येतात, कुठेही बसतात आणि हळूहळू इतके होतात की एक सांगायला घ्यावा तर मागून चार ढकलाढकली करत येतात. परवा जुना मित्र भेटला, म्हणाला, "तुमच्या त्या सर्व्हरचं काय झालं होतं रे?" मी म्हटलं, "बस, चहा सांग."

गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. जळगावातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मी असिस्टंट होतो. आम्ही चौघं. ग्रंथपाल झोपे सर, नियमांचा माणूस. गोविंदभाऊ शिपाई, पाचोऱ्याकडचे, लायब्ररीत हळू बोलायचं असतं हे त्यांना तीस वर्षांत पटलं नव्हतं. मी, ज्याला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नाही. आणि सुमनअक्का.

सुमनअक्का म्हणजे कॅटलॉग. बावीस वर्षं त्या पुस्तकांची कार्डं लिहीत होत्या. पुस्तक हातात घ्यायचं, लेखक, नाव, साल, पानं, चित्रं, सगळं पोस्टकार्डापेक्षा लहान कार्डावर बोरूने लिहिल्यासारख्या अक्षरात उतरवायचं आणि साठ खणांच्या सागवानी कपाटात आपापल्या जागी घालायचं. वाचकाने विचारावं आणि अक्कांचा हात बरोबर त्या खणावर जावा, असं चाललं होतं.

मग कम्प्युटर आले.

* * *

एक सर्व्हर आणि त्याला वायरने जोडलेले तीन कम्प्युटर. सॉफ्टवेअर मुंबईच्या एका कंपनीचं, इंग्रजीत चालणारं. मराठी पुस्तकांची नावंसुद्धा इंग्रजी अक्षरांत टाकायची. पूजा झाली, नारळ फुटला (बाहेर, पायरीवर. आत फोडायला प्रमोदने हात जोडून नाही म्हटलं.) आणि झोपे सर म्हणाले, "अक्का, करा सुरुवात."

हा प्रमोद वाणी म्हणजे कंपनीचा इंजिनीअर. कंपनीची खान्देशातली एजन्सी धुळ्याला होती, त्यामुळे आमचं काही बिघडलं की तो धुळ्याहून एसटीने यायचा.

आता नवीन रजिस्टर सुरू करताना आपण पहिल्या पानावर काय लिहितो? अक्कांनीही तेच केलं. पहिल्या नोंदीत पुस्तकाचं नाव टाकलं, 'श्री'. मशीनने विचारलं, लेखक? अक्का थांबल्या. झोपे सर म्हणाले, "अज्ञात टाका." प्रकाशनाचं साल? "ते सोडून द्या." मशीन सोडेना. शेवटी चालू साल टाकलं. किंमत? देवाची किंमत कोण ठरवणार? अखेर शून्य टाकून मंडळी पुढे सरकली.

वर्षअखेरीस मोजदाद झाली. मशीनमधली यादी आणि रॅकवरची पुस्तकं ताडून पाहायला ऑफिसातून एक क्लार्क आला. अतिशय चोख माणूस. आठ दिवस खपला आणि त्याने रिपोर्ट दिला, "एक ग्रंथ गहाळ. नाव श्री, लेखक अज्ञात." वर झोपे सरांना लेखी खुलासा मागितला!

सरांनी खुलासा लिहिलाही. त्यात एकच ओळ होती, "सदर ग्रंथ सर्वत्र आहे."

* * *

हसण्यावारी जाण्यासारखं सगळंच नव्हतं. प्राचार्यांनी पहिल्याच महिन्यात ऑर्डर काढली होती. सगळी पुस्तकं मशीनमध्ये चढली, सॉफ्टवेअर सुरळीत चाललं की संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या हस्ते उद्घाटन, आणि त्याच दिवशी कार्डांचं कपाट बाहेर. कपाट स्टोअरमध्ये, कार्डं रद्दीत.

अक्कांनी ऑर्डर वाचली, घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. मला एवढंच म्हणाल्या, "किरण, बावीस वर्षं रोज आठ तास लिहिलंय रे. रद्दीवाला ते अर्ध्या तासात मोजेल." मी उगीच खिडकी उघडायला गेलो.

तरीही काम त्या मन लावून करायच्या. स्वतःच्याच कार्डांवरून बघून बघून सगळं मशीनमध्ये टाकायच्या. दिवसभर आम्ही तिघं टाइप करायचो आणि दुपारी चार वाजता दिवसभराच्या नोंदी एकदम सर्व्हरमध्ये चढवायच्या, त्याला 'अपडेट' म्हणत. चार वाजता अक्का बटण दाबायच्या, मशीन गुरगुरायचं, आणि पाच मिनिटांनी 'ओके' यायचं.

पहिले सहा महिने रोज ओके आलं. सातव्या महिन्यात एके दिवशी चार वाजता बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, 'सर्व्हर एरर'. मग पडदा काळा. दिवसभराचं काम गेलं.

धुळ्याला फोन. दुसऱ्या दिवशी प्रमोद आला, सर्व्हर पुन्हा उभा केला, सगळं तपासलं, काहीच सापडलं नाही. चार दिवस ओके. मग पुन्हा एरर! मग आठ दिवस ओके. मग पुन्हा!

उद्घाटन पुढे गेलं. म्हणजे दर एररबरोबर कपाटाचं आयुष्य वाढत होतं. हे लायब्ररीत प्रत्येकाच्या लक्षात आलं होतं, बोलत कुणी नव्हतं.

* * *

प्रमोदची एक पद्धत होती. आला की पहिला प्रश्न, "काय बदललंत?" सगळे एका सुरात म्हणायचे, "काही नाही." त्यावर तो बॅग ठेवत म्हणायचा, "सगळ्यात ठामपणे 'काही नाही' कोण म्हणालं? त्याच्या टेबलापासून सुरुवात करू."

एकदा असाच आला. त्या दिवशी तर तिन्ही कम्प्युटर सकाळपासूनच सर्व्हरशी बोलत नव्हते. आणि सगळ्यात ठामपणे म्हणाले होते झोपे सर.

आमच्या त्या वायरच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी धातूची टोपी असायची. ती निघाली की सगळे कम्प्युटर बंद. प्रमोद टेबलाखाली शिरला आणि आतूनच ओरडला, "अहो, इथली टोपी कुठे गेली?"

कुणालाच माहीत नाही. आम्ही फरशी शोधली, केराची टोपली उलटी केली. गोविंदभाऊ म्हणाले, "उंदीर लई गया व्हई." प्रमोद म्हणाला, "उंदीर फिरकी देऊन काढत नाही हो भाऊ, ती फिरवून काढावी लागते."

तेवढ्यात मला आठवलं. झोपे सरांच्या टेबलाला एक खण होता, 'सापडलेल्या वस्तू'. लायब्ररीत विसरलेले पेन, चष्मे, एकदा तर कवळीसुद्धा त्यात जमा होती. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. खण उघडला. चिठ्ठीसकट टोपी तिथे होती. 'टेबल क्र. ३ खाली, वायरच्या टोकाला बेवारस आढळली. मालकाने ओळख पटवून न्यावी.'

"सर, ही बेवारस नव्हती, ती बसवलेली होती!" प्रमोद म्हणाला.

"वायर तिथे संपत होती," सर शांतपणे म्हणाले. "संपल्यावर पुढे काही असायचं कारण नाही."

प्रमोदने हात पुढे केला. सरांनी खण ओढून घेतला. नियम म्हणजे नियम. शेवटी धुळ्याच्या त्या इंजिनीअरने वस्तूचं वर्णन, रंग आणि हरवल्याचं कारण लिहून रीतसर अर्ज केला, तेव्हा त्याला टोपी मिळाली. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'ग्रंथपाल'.

तो बिघाड मिटला. चारचा एरर मात्र पुढच्याच आठवड्यात परत आला.

* * *

मग प्रमोदला अर्थिंगचा संशय आला. मे महिना होता. जळगावचा मे म्हणजे दुपारी सायकलच्या सीटवर बसायच्या आधी तीन वेळा विचार करायचा. प्रमोदने सांगितलं की सर्व्हरसाठी अंगणात खड्डा करून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलंय, ती जमीन वाळली की करंट नीट उतरत नाही. तिथे रोज दोन बादल्या पाणी घाला.

काम गोविंदभाऊंकडे आलं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की सुट्टीच्या दिवशीही येऊन पाणी घालायचे. गावात तेव्हा नळाला दोन दिवसांआड पाणी. कॉलेजात पाण्याच्या टाकीवर नोटीस लागलेली, 'थेंब थेंब जपा'.

एके दिवशी प्राचार्य वऱ्हांड्यातून चालले होते. पाहतात तर गोविंदभाऊ भर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, उघड्या बोडक्या जमिनीवर बादली ओतताहेत. ना झाड, ना रोप.

प्राचार्य गरजले, "गोविंदा! काय पेरलंय तिथे?"

गोविंदभाऊंनी बादली खाली ठेवली, कमरेला हात लावला आणि अभिमानाने सांगितलं, "साहेब, कम्प्युटर पेरेल शे!"

प्राचार्य दोन मिनिटं त्या जमिनीकडे बघत उभे राहिले. मग आत आले आणि मला हळूच विचारलं, "खरंच लागतं का रे पाणी?" मी म्हटलं, "हो सर." ते म्हणाले, "मग माझ्या घरच्या कम्प्युटरला कुणी सांगितलं कसं नाही?"

* * *

याच दिवसांत आबा आले. चोपड्याच्या पुढचे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातले आबा पाटील. पंचाहत्तरीचे, केळीवाले. आयुष्यभर त्यांनी एकच नाद केला होता, भागातल्या जुन्या विहिरींची माहिती गोळा करायचा. कोणती कुणी खोदली, कितव्या हातावर पाणी लागलं, कुठल्या विहिरीचं पाणी डाळ शिजायला चांगलं. त्याचं चौसष्ट पानांचं पुस्तक त्यांनी पदरमोड करून छापलं आणि एक प्रत आम्हाला भेट दिली.

दवाखान्याला, नाहीतर बाजाराला जळगावला आले की आबा लायब्ररीत डोकावायचे. टोपी काढून अक्कांच्या टेबलाशी उभे राहायचे आणि विचारायचे, "ताई, मनं पुस्तक उनं का कम्प्युटरमा?"

"कार्ड केलंय आबा. मशीनमध्ये लवकरच चढेल."

"चढाडा ताई. विहिरी बुजी ऱ्हायन्यात. कम्प्युटरमा नाव ऱ्हास म्हणतस."

पुस्तक चढत मात्र नव्हतं. कारण झोपे सरांचा आणखी एक नियम. ज्या दिवशी एरर यायचा त्या दिवशीचा पुस्तकांचा गठ्ठा ते मागच्या एका रॅकवर ठेवायला लावायचे. आम्ही त्याला 'रुसलेला रॅक' म्हणायचो. तिथली पुस्तकं सवडीने पुन्हा घ्यायची. आबांचं पुस्तक त्या रॅकवर जाऊन पडलं होतं. आबा येऊन गेले की अक्कांना वाईट वाटायचं आणि एक-दोन दिवसांत त्या ते पुन्हा त्या दिवसाच्या गठ्ठ्यात घ्यायच्या. आणि बिचाऱ्याचं नशीब असं की त्याच दिवशी एरर यायचा!

* * *

मला चैन पडेना. मी एक वही केली आणि प्रत्येक एररचा दिवस, वार, तिथी, उन्हाचा पारा आणि कोण हजर, कोण गैरहजर हे लिहायला लागलो. अमावस्या नाही, सोमवार नाही, व्होल्टेज नाही. एकच गोष्ट प्रत्येक दिवशी सारखी होती. बटण अक्कांनी दाबलेलं होतं.

ही वही प्राचार्यांनी पाहिली. मी दाखवली नव्हती, टेबलावर उघडी राहिली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी अक्कांना प्राचार्यांचं बोलावणं आलं. "महाजन बाई, तुम्ही थकल्या असाल. आठ दिवस रजा घ्या." कुणी एका शब्दाने आरोप केला नाही. अक्का समजायचं ते समजल्या. टेबल आवरलं, पेनला टोपण लावलं आणि गेल्या. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिले दोन दिवस ओके. ऑफिसात लोक एकमेकांकडे बघून मान हलवायला लागले. तिसऱ्या दिवशी आबा आले. अक्का नाहीत म्हणून माझ्यापाशी उभे राहिले, तोच प्रश्न. मला काही त्यांना नाही म्हणवेना, त्यांच्यासमोरच मी त्यांचं पुस्तक घेऊन टाइप केलं. चार वाजता बटण मी स्वतः दाबलं.

सर्व्हर एरर!

आयुष्यात कुठल्या बिघाडाने मला इतका आनंद झाला नसेल. मी सायकल काढली आणि तडक अक्कांच्या घरी गेलो. त्या कुरडया वाळत घालत होत्या. म्हटलं, "अक्का, आला! तुम्ही नसताना आला!"

मला वाटलं त्या रागावतील, रडतील. त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "आज गठ्ठ्यात काय काय होतं?"

मी आठवून आठवून नावं सांगितली. आबांचं नाव आलं तशी त्यांनी मला थांबवलं.

* * *

दुसऱ्या दिवशी प्रमोद धुळ्याहून पोचायच्या आधी अक्का हजर. रजा बिजा काही नाही. सर्व्हर उभा झाला तसं त्या म्हणाल्या, "प्रमोद, आज फक्त एकच पुस्तक चढवायचं." आबांचं पुस्तक टाइप केलं, बटण दाबलं. एरर. पुन्हा सर्व्हर उभा केला, दुसरं कुठलंही एक पुस्तक घेतलं. ओके!

गोविंदभाऊ दोन पावलं मागे सरकले. "ताई, त्या पुस्तकले विहिरीनं काहीतरी लागेल शे."

प्रमोदने ते चौसष्ट पानी पुस्तक उलटसुलट केलं, प्रत्येक अक्षर तपासलं. नोंद बरोबर होती. त्यात काहीच चूक नव्हती. बारा वाजले, एक वाजला. प्रमोद डोकं धरून बसला. कंपनीने त्याला शेवटचं बजावलं होतं, पुढच्या आठवड्यात उद्घाटन झालं नाही तर सॉफ्टवेअर परत जाईल.

अक्का उठून आपल्या कपाटाकडे गेल्या. रुसलेल्या रॅकवरच्या लेखकांची कार्डं काढून एकेक खण तपासत होत्या. एका खणापाशी थांबल्या. बराच वेळ बोटाने कार्डं मागे टाकत राहिल्या, ओठ हलत होते. मग तिथूनच म्हणाल्या,

"प्रमोद, तुझ्या मशीनमध्ये पाटलांना किती जागा आहे?"

प्रमोदला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. सॉफ्टवेअर प्रत्येक लेखकाला एक कोड द्यायचं. त्या आडनावासाठी ठरलेली तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे दोन आकडी नंबर. म्हणजे पहिल्या पाटलांना पीएटी शून्य एक, दुसऱ्यांना शून्य दोन.

"दोन आकडे," तो पुटपुटला. "नव्याण्णव."

"मी आत्ता मोजले. मशीनमध्ये चढलेले नव्याण्णव झालेत. आबा शंभरावे. रुसलेल्या रॅकवर प्रत्येक गठ्ठ्यात एक तरी नवा पाटील आहे."

मग प्रमोदने मुंबईला फोन लावला. तिकडून कोणीतरी वैतागून म्हणालं, "एका लायब्ररीत एकाच आडनावाचे शंभर लेखक असतात कुठे?" झोपे सरांनी रिसीव्हर स्वतःच्या हातात घेतला. "तुम्ही कधी चोपड्याच्या एसटीत बसला आहात का?" असं विचारलं आणि फोन ठेवून दिला.

नवी फ्लॉपी यायला दोन महिने लागणार होते. उद्घाटन चार दिवसांवर. सगळ्या उरलेल्या पाटलांना थांबवून ठेवता आलं असतं, पण अक्का अडून बसल्या. आबांना शब्द दिलाय, ते उद्घाटनाला येणार आहेत, त्यांचं पुस्तक मशीनमध्ये दिसलंच पाहिजे. प्रमोद म्हणाला, "मग एकच उपाय. नव्याण्णवांतले एक कुणीतरी दोन महिने बाहेर थांबले तर आबा त्यांच्या जागी बसतील. कुणाचंच अडणार नाही असा एखादा बघा."

अक्का रॅकांमध्ये शिरल्या. अर्ध्या तासाने आल्या आणि माझ्या हातात चिठ्ठी दिली. त्यावर फक्त कोड होता, पीएटी एकेचाळीस. "याच्या पाच प्रती आहेत. पाचही पुस्तकांच्या तारखेच्या पट्ट्या कोऱ्या आहेत. एकदाही कुणी घरी नेलेलं नाही." मी कोड टाकला, नोंद काढली. आबा चढले. चार वाजता ओके!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी अक्कांना बाजूला घेऊन म्हटलं, "अक्का, तुम्ही गप्प बसला असता तर सॉफ्टवेअर परत गेलं असतं. कपाट वाचलं असतं की!"

"पुस्तक इथे असून वाचकाला नाही म्हणायचं?" त्या म्हणाल्या. "ते मला जमत नाही रे." आणि मग पटकन पाठ करून खणांवरची धूळ पुसायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी साठही खण पुसले.

* * *

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच कपाट सुतळीने बांधून दाराशी आणून ठेवलं होतं. बाहेर रद्दीवाल्याची हातगाडी. अक्कांनी नवी साडी नेसली होती, पण त्या कपाटाच्या दिशेने बघत नव्हत्या.

चेअरमनसाहेब आले. सगळा जिल्हा त्यांना दादासाहेब म्हणायचा. हार झाले, नारळ झाला (पायरीवर). प्राचार्यांनी भाषणात 'एकविसावं शतक' हा शब्द सात वेळा वापरला. दादासाहेबांनी बटण दाबलं, सर्व्हर गुरगुरला, टाळ्या.

प्रमोदने पहिलं पुस्तक शोधून दाखवलं ते आबांचं. पडद्यावर नाव आलं. आबा पुढे आले, चष्मा लावला, पडद्याला हात लावू का म्हणून विचारलं आणि मग लावला. "दिखस," ते म्हणाले. "बठ्ठं दिखस." सगळं दिसत होतं त्यांना. अक्कांनी डोळ्यांना पदर लावला.

दादासाहेब खुशीत आले. "वा! आता आमचंही दाखवा की. आम्ही इस्रायलला ठिबक सिंचन बघायला गेलो होतो, त्याचं पुस्तक आहे आमचं. पाच प्रती दिल्यात कॉलेजला."

प्रमोदने आनंदाने टाइप केलं. पाटील, व्ही. टी.

पडद्यावर इंग्रजीत तीन शब्द आले. प्रमोदने ते पुसून पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. मला अक्कांच्या चिठ्ठीवरचा कोड आठवला, पीएटी एकेचाळीस. प्राचार्य रुमालाने मान पुसायला लागले. दादासाहेब खुर्चीतून पुढे वाकले आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचलं, "नो... रेकॉर्ड... फाउंड."

सगळी लायब्ररी गप्प. गोविंदभाऊसुद्धा.

तेवढ्यात दाराशी सुतळी सोडल्याचा आवाज आला. अक्कांनी एक खण ओढला, बोटं दोनदा हलली, खणाच्या तळाची, कार्डं ओवून धरणारी पितळी सळई ओढून एक कार्ड काढलं आणि आणून दादासाहेबांच्या हातात दिलं.

दादासाहेबांनी ते डोळ्यांजवळ धरून वाचलं. नाव, साल, पानं एकशे बारा. मग थांबले. "सहा रंगीत छायाचित्रं, एक नकाशा," ते म्हणाले. "छायाचित्रंही मोजलीत तुम्ही?"

"मोजावी लागतात साहेब."

दादासाहेबांनी पडद्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, मग दाराकडे. "हे कपाट असं बांधून का ठेवलंय?"

प्राचार्य एका दमात म्हणाले, "रंग द्यायला, साहेब! पॉलिश! फक्त पॉलिश!"

"मग करून घ्या आणि परत जागेवर लावा. हे इथून हलता कामा नये."

रद्दीवाल्याची गाडी रिकामी परत गेली. मंडळी पेढे खायला वळली. मी अक्कांकडे गेलो. विचारायचं होतं ते ओठांवर आलं होतं. त्यांनी कार्ड खणात सरकवलं, सळई घातली, घट्ट केली आणि माझ्या पलीकडे बघून हाक मारली,

"गोविंदभाऊ, ती सुतळी टाकू नका हो. गठ्ठे बांधायला होईल."